छोट्या रुळांवरची जर्मन आगगाडी

वाफेची इंजिने भारतीय रेल्वेच्या नित्य वाहतुकीतून विसाव्या शतकाच्या अखेरीस निवृत्त झाली. जर्मनीत तर प्रमाण रुळांवरील वाहतुकीतून ती त्याआधीच थांबली होती. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने १९७७ मध्ये, तर पूर्व जर्मनीने १९८८ मध्ये प्रमाण रुळांवरील नियमित वाहतुकीतील वाफेच्या इंजिनांना निरोप दिला. तरीही त्या इंजिनांचे उत्पादन आजतागायत थांबलेले नाही. फक्त त्यांचे आकारमान आता वितीएवढे आहे. जर्मन वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती जमविणे आणि त्या छोट्या रुळांवरून चालविणे हा जगभर पसरलेला छंद असून, भारतातही त्याचे मोजके पण निष्ठावंत उपासक आहेत. नांदेड-लातूरच्या वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटणे साहजिक आहे. परंतु मीटरगेज आणि नॅरोगेज या दोन्ही मापांच्या गाड्या एकेकाळी ज्या प्रदेशातून धावल्या, त्या मराठवाड्याचा या छंदाशी असलेला संबंध वाटतो त्यापेक्षा पुष्कळच जवळचा आहे.

या छंदाच्या दोन शाखा आहेत. पहिलीत इंजिन विजेच्या मोटारीवर चालते आणि त्याचे वाफेचे रूप केवळ दर्शनी असते. दुसरीत छोट्या बॉयलरमध्ये खरोखर पाणी उकळते, दट्ट्या वाफेने ढकलला जातो आणि धुराड्यातून वाफ निघते. बहुसंख्य संग्राहक पहिल्या शाखेचे असतात, कारण ती घरातल्या टेबलावर मावते.

पत्र्याच्या भातुकलीपासून

जर्मन प्रतिकृतींच्या इतिहासाचे पहिले पान ग्योपिंगेन या गावी लिहिले गेले. थिओडोर फ्रीड्रिख विल्हेल्म मेर्कलिन या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने १८५९ मध्ये तेथे बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी बनविण्यास प्रारंभ केला. भातुकलीतून रेल्वेचा जन्म झाला असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. १८६६ मध्ये मेर्कलिनचे निधन झाल्यावर त्याची पत्नी कॅरोलिन हिने व्यवसाय टिकवून धरला. मालाच्या विक्रीसाठी ती स्वतः प्रवास करीत असे आणि त्या काळाच्या मानाने ही असामान्य गोष्ट होती. पुढे मुलांनी कारभार हाती घेतला आणि १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत या घराण्याने किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली.

किल्लीच्या गाड्या त्यापूर्वीही होत्या. मेर्कलिनचे वैशिष्ट्य निराळे होते. रुळांमधील अंतरे ठरवून त्यांना क्रमांक देण्यात आले आणि रूळ, सांधे, डबे, स्थानके सुटी विकण्याची पद्धत सुरू झाली. आज इंजिन घ्यावे, पुढच्या नाताळला दोन डबे, त्यानंतर एक सांधा, अशी ही रचना होती. खेळणे वाढत जाऊ शकते हे कळताच त्याचा संग्रह होऊ लागला. संग्राहक नावाचा प्राणी या व्यापारी युक्तीतून जन्मला, हे संग्राहकांना फारसे आवडत नसले तरी खरे आहे.

१९३५ हे दुसरे महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी मेर्कलिनने आणि न्यूरेंबर्गच्या ट्रिक्सने टेबलावर मावणारी, १६.५ मिलिमीटर रुळांची विजेवरील रेल्वे बाजारात आणली. ‘शून्य’ क्रमांकाच्या मापाच्या निम्मे म्हणून या प्रमाणास पुढे ‘एचओ’ हे नाव रूढ झाले. न्यूरेंबर्गच्याच अर्नोल्डने साठीच्या दशकाच्या आरंभी ९ मिलिमीटर रुळांचे ‘एन’ माप आणले. लेहमान कंपनीने १९६८ मध्ये बागेत चालणारी, ४५ मिलिमीटर रुळांची ‘एलजीबी’ काढली आणि १९७२ मध्ये मेर्कलिनने ६.५ मिलिमीटर रुळांचे ‘झेड’ माप आणले. व्यवसायाचे दिवस मात्र सदैव सुखाचे राहिले नाहीत. लेहमान २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली व मेर्कलिनच्या ताब्यात आली. खुद्द मेर्कलिनने फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ मध्ये ती एका जर्मन खेळणी-उद्योगसमूहाकडे गेली. संगणकाच्या पडद्यावर वाढलेल्या मुलांना पत्र्याच्या आगगाडीचे आकर्षण उरले नाही, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. छंद टिकला, पण तो मुलांकडून त्यांच्या आजोबांकडे गेला.

मापांचे गणित आणि मराठवाडा

प्रतिकृतीचे प्रमाण आणि रुळांचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवख्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. एचओ म्हणजे मूळ वस्तूच्या १/८७ आकार. युरोपातील प्रमाण रूळ १४३५ मिलिमीटरचे असतात. त्यांना ८७ ने भागले की १६.५ मिलिमीटर येतात. भारतीय ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे असल्याने त्याच प्रमाणात रूळ १९.३ मिलिमीटर हवेत आणि असे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. म्हणूनच भारतीय ब्रॉडगेजचे एचओ प्रतिरूप सामान्यतः जर्मन रुळांवरच उभे केले जाते. जाणकाराला ते इंजिन अरुंद पायावर उभ्या असलेल्या रुंद माणसासारखे दिसते.

मराठवाड्याची स्थिती याउलट आहे. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, पूर्णा, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा निजामकालीन मार्ग मीटरगेजचा होता. एक मीटरला २२.५ ने भागले असता ४४.४ मिलिमीटर येतात. जर्मन एलजीबीचे प्रमाण नेमके १/२२.५ आणि रूळ ४५ मिलिमीटरचे. याचे कारण असे, की हे माप युरोपातील मीटरगेज डोंगरी रेल्वे डोळ्यांसमोर ठेवूनच ठरविण्यात आले. तेव्हा नांदेडच्या जुन्या स्थानकावर उभे राहणारे इंजिन ज्याला खऱ्या प्रमाणात हवे आहे, त्याला रूळ शोधण्याची गरज नाही. एचओ प्रमाणात हवे असल्यास १२ मिलिमीटरचे ‘एचओएम’ रूळही युरोपात तयार मिळतात.

लातूरचे गणित त्याहून रंजक आहे. कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. १९११ मध्ये तो लातूरला पोहोचला आणि १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेला भिडले. ऑस्ट्रियातील अरुंद मार्ग ७६० मिलिमीटरचे आहेत. बार्शी लाइटशी फरक अवघ्या दोन मिलिमीटरचा. एलजीबीचे १९६८ मधील पहिले इंजिन ‘स्टाइन्झ’ हे अशाच एका ७६० मिलिमीटरच्या ऑस्ट्रियन मार्गावरील इंजिनाचे प्रतिरूप आहे. एचओ प्रमाणात या मापाला ९ मिलिमीटरचे रूळ लागतात. जर्मन-ऑस्ट्रियन बाजारात ते ‘एचओई’ या नावाने मिळतात. लातूरची गाडी टेबलावर आणू पाहणाऱ्याला रूळ, सांधे आणि इंजिनाचा खालचा सांगाडा असे सारे तयार मिळू शकते. मिळत नाही ते फक्त वरचे इंजिन.

मार्गाची लांबी मात्र कोणत्याही प्रमाणाला दाद देत नाही. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर १/८७ प्रमाणातही जवळपास ३९० मीटर भरते. म्हणून प्रतिकृतीकार अंतराला कात्री लावतो. दोन स्थानके, एक पूल, एक वळण आणि पार्श्वभूमीला ज्वारीची शेते. काय ठेवावे आणि काय वगळावे यातच त्याची खरी परीक्षा असते.

खरी जर्मन इंजिने

प्रतिकृतींचा विचार करताना खऱ्या जर्मन इंजिनांनी महाराष्ट्रात बजावलेली सेवा विसरता येत नाही. नेरळ-माथेरान ही दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिची चार इंजिने बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कारखान्याची होती. घाटातील तीव्र वळणांवर चाके अडकू नयेत म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना बाजूला सरकण्याची मोकळीक दिलेली होती. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ती राबली. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असून, एक इंग्लंडात पोहोचले आहे. या इंजिनांच्या आराखड्यामागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता होता. बार्शी लाइट रेल्वेचा जनकही हाच. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे तत्त्व त्याने बार्शीला कसोशीने पाळले. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही मोठी वाहतूक शक्य झाली. बार्शीची पहिली पाच इंजिने मात्र जर्मनीची नव्हती. ती लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली होती.

मीटरगेजवरील जर्मन नाव म्हणजे म्युनिकचे क्राउस-माफाई. स्वातंत्र्यानंतर रेल्वेने प्रवासी गाड्यांसाठी ‘वायपी’ वर्गाची इंजिने प्रमाणित केली. सुमारे ८७० इंजिनांच्या या वर्गातील २०० इंजिने क्राउस-माफाईने पुरविली, तर बहुतांश पुढे जमशेदपूरच्या टेल्कोने बांधली. सिकंदराबाद-मनमाड मार्गावर वायपी हे ओळखीचे इंजिन होते आणि पूर्णा येथे मीटरगेज इंजिनांची शेड होती. वायपीची लांबी टेंडरसह सुमारे १९ मीटर. म्हणजे एचओमध्ये ते २२ सेंटिमीटर, तर बागेतील प्रमाणात जवळपास ८५ सेंटिमीटर भरते. दुसऱ्या आकड्यावरून घरात जागा किती लागेल याचा अंदाज यावा.

क्रमांक वाचण्याची कला

जर्मन इंजिनांचा संग्रह करणाऱ्याला प्रथम पाटी वाचता यावी लागते. १९२० च्या दशकात ठरलेल्या पद्धतीनुसार पहिले दोन आकडे इंजिनाचे कुळ सांगतात. ०१ ते १९ जलद गाड्यांची, २० ते ३९ प्रवासी गाड्यांची, ४० ते ५९ मालगाड्यांची. साठपासून पुढे टेंडर नसलेली टाकीची इंजिने आणि ९९ म्हणजे नॅरोगेज व मीटरगेज. ०१ वर्गाचे ऐटदार इंजिन, युद्धकाळात हजारोंच्या संख्येने बांधलेले ५२ वर्गाचे साधे मालवाहू इंजिन आणि ११ मे १९३६ रोजी ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारे ०५ ००२ या तीन प्रतिकृती शेजारी ठेवल्या, तरी जर्मनीच्या वीस वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो.

यापुढची पायरी म्हणजे कालखंड. युरोपातील प्रतिकृतीकारांनी रेल्वेच्या इतिहासाचे रोमन आकड्यांनी खंड पाडले आहेत. पहिला सुमारे १९२० पर्यंत, दुसरा युद्धसमाप्तीच्या आसपासपर्यंत, तिसरा १९७० पर्यंत, चौथा १९९० पर्यंत आणि त्यापुढील नंतरचे. एकच इंजिन वेगवेगळ्या खंडांत वेगळ्या रंगात, वेगळ्या दिव्यांसह, वेगळ्या क्रमांकाने मिळते. खंड दोनच्या इंजिनामागे खंड चारचे डबे जोडणे हे जाणकारांच्या दृष्टीने अक्षम्य असते. हीच शिस्त मराठवाड्याला लावून पाहिल्यास आपलेही कालखंड स्पष्ट दिसतात. नांदेडच्या डब्यांवर आधी निजाम स्टेट रेल्वेचे नाव होते. ते १९५१ मध्ये मध्य रेल्वेचे झाले आणि १९६६ नंतर दक्षिण मध्य रेल्वेचे. लातूरची बार्शी लाइट १९५४ पर्यंत कंपनीच्या मालकीची होती, नंतर सरकारी झाली. एकाच डब्यावर तीन पाट्या, आणि प्रत्येकीमागे एक राजवट.

चालविताना

मेर्कलिनचे इंजिन आणि इतरांचे इंजिन यांत एक मूलभूत भेद आहे. इतर उत्पादक दोन रुळांतून एकदिश प्रवाह देतात. मेर्कलिनची परंपरा प्रत्यावर्ती प्रवाहाची असून, मधल्या ठिपक्यांवरून इंजिनाखालची पट्टी वीज घेते व दोन्ही रूळ परतीची वाट होतात. त्यामुळे मार्गाने उलट वळसा घेतला तरी मेर्कलिनमध्ये वीज आडवी येत नाही. दोन रुळी पद्धतीत मात्र अशा वळशाला विशेष जोडणी लागते. दोन्ही पद्धतींची इंजिने सरमिसळ चालत नाहीत. संग्रह सुरू करण्यापूर्वी एकीची निवड करणे शहाणपणाचे, कारण नंतर मन बदलले तर चाकांपासून सारे बदलावे लागते. १९८० च्या दशकापासून अंकीय नियंत्रण आले आणि एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालविणे शक्य झाले. जर्मनीतील आणि भारतातील घरगुती विजेचा दाब व वारंवारता सारखीच असल्याने तेथील ट्रान्सफॉर्मर येथे चालतो. वीज अचानक जाण्याच्या आपल्याकडील सवयीमुळे अंकीय यंत्रणेला यूपीएस जोडलेला बरा.

जागेचा हिशेबही आधीच करावा. मेर्कलिनचे नेहमीचे आवळ वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचे असते. कडेची जागा धरून टेबलाची रुंदी ८५ सेंटिमीटरहून कमी चालत नाही आणि मोठी इंजिने त्या वळणावर बेढब दिसतात.

मराठवाड्याच्या हवेचा प्रश्न स्वतंत्र आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या गच्चीखालची खोली इतकी तापते, की फटी न ठेवता घट्ट जोडलेले रूळ फुगून वर उचलले जातात. धूळ हा दुसरा शत्रू. चाके व रूळ यांच्यावर तेलकट काळा थर साचला की वीज तुटते आणि इंजिन अडखळू लागते. हा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. काचकागद कधीही वापरू नये, कारण त्याने पडलेल्या चऱ्यांत घाण अधिक वेगाने भरते. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेल्या इंजिनातील जुने तेल डिंकासारखे घट्ट होते. ते धुऊन काढल्याखेरीज वीज जोडल्यास मोटार जळण्याचा संभव असतो. पकड वाढविण्यासाठी चाकांवर बसविलेल्या रबरी कड्या उष्णतेने चिरतात. त्या मात्र स्वस्त असून सहज बदलता येतात.

जुने इंजिन विकत घेताना सर्वांत मोठी भीती असते ती जस्ताच्या रोगाची. युद्धपूर्व काळात ओतीव जस्तात शिसे मिसळले गेले, तर तो धातू आतून फुगतो, तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. या रोगावर उपाय नाही. बाहेरून चकचकीत दिसणारे इंजिन उलटे करून सांगाडा वाकला आहे का, चाके सरळ रेषेत आहेत का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खरी वाफ वापरणाऱ्यांचा मार्ग वेगळा. स्पिरिट किंवा ब्यूटेन वायूच्या ज्योतीवर बॉयलर तापवायचा, सुरक्षा झडप आधी तपासायची, वाफेच्या नळीत वंगण तेल भरायचे आणि पाणी फक्त ऊर्ध्वपातित वापरायचे. बोअरवेलच्या जड पाण्याने आत क्षाराचा थर बसून बॉयलर निकामी होतो. लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ गाडी जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेवरील ब्रॉडगेजवरून शहरात पोहोचली होती.

खर्चाची बाजू कटू आहे. नव्या अंकीय इंजिनाची किंमत जर्मनीतच कित्येक शे युरोंच्या घरात जाते. त्यावर भारतात सीमाशुल्क लागते आणि लहान प्रमाणातील प्रतिकृती शुल्काच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. स्वदेशी खेळणी-उद्योगाला संरक्षण देण्याचा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु १/८७ प्रमाणातील जर्मन इंजिनाला येथे देशी पर्याय नसल्याने ते संरक्षण कोणाला मिळते, हा प्रश्न उरतोच.

पुण्याचे संग्रहालय आणि लातूरचे राहिलेले काम

मराठी माणसाने या छंदाला दिलेले सर्वांत मोठे रूप पुण्यात पाहावयास मिळते. भाऊ जोशी यांनी १९८२ मध्ये गोखले हॉलमध्ये छोट्या रेल्वेसह एक चिमुकले शहर उभारून प्रदर्शनात मांडले. प्रदर्शन संपले की सारे उकलून ठेवायचे, ही खटपट काही वर्षे चालली. अखेर कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यालगत कायमची जागा उभी राहून १ एप्रिल १९९८ रोजी ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ खुले झाले. एचओ प्रमाणातील वाफेच्या इंजिनांपासून आधुनिक जलद गाड्यांपर्यंतचा ताफा तेथे सिग्नल, पूल, रस्ते व दिव्यांनी सजलेल्या नगरीतून फिरतो. हॅम्बुर्गचे जगप्रसिद्ध ‘मिनियाटूर वुंडरलँड’ २००१ मध्ये सुरू झाले, म्हणजे कोथरूडचे संग्रहालय त्याहून तीन वर्षांनी मोठे आहे. आकाराची तुलना करण्याचे कारण नाही. वुंडरलँड हे व्यवसाय म्हणून जन्मले, तर कोथरूडचे एका माणसाच्या छंदातून.

दार्जिलिंगच्या इंजिनांच्या प्रतिकृती इंग्लंडातील कारखाने तयार करतात. बार्शी लाइटला ते भाग्य लाभलेले नाही. मराठवाड्यात मीटरगेज आणि नॅरोगेज हे दीर्घकाळ मागासलेपणाचे चिन्ह मानले गेले. ब्रॉडगेज ही १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातील एक प्रमुख मागणी होती. त्यामुळे नव्वदीच्या दशकात मनमाड-नांदेड मार्गाचे आणि २००७-०८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण झाले, तेव्हा लोकांनी पेढे वाटले आणि ते योग्यच होते. मात्र जुने रूळ उचलताना इंजिनांची, डब्यांची, स्थानकांची मापे कोणी घ्यावीत हा विचार त्या आनंदात मागे पडला.

प्रतिकृतीकाराला नेमकी तीच मापे लागतात. छायाचित्रावरून इंजिनाचे रूप कळते, पण धुराड्याचा व्यास, पाण्याच्या टाकीची उंची, डब्याच्या खिडक्यांमधील अंतर कळत नाही. फलाट व पाण्याचे खांब यांची फीत लावून नोंद करता येते. एखाद्या ज्ञात वस्तूशेजारी उभ्या इंजिनाचे छायाचित्र असल्यास त्यावरून बाकीची मापे काढता येतात. रंग मात्र कृष्णधवल छायाचित्रांत उरत नाही. डब्यांचा रंग नेमका कोणता होता, पाटीवरील अक्षरे कोणत्या वळणाची होती, हे त्या गाडीवर काम केलेले ड्रायव्हर, फायरमन आणि कुर्डुवाडीच्या कार्यशाळेतील कारागीर सांगू शकतात आणि त्यांतील बहुतेक आता वृद्धापकाळात आहेत. मापे व रंग हाती आल्यास पुढचे काम फारसे अवघड नाही. ९ मिलिमीटर रुळांचा जर्मन किंवा ऑस्ट्रियन सांगाडा घ्यावा, वरचे इंजिन पितळी पत्र्यातून अथवा त्रिमितीय छपाईतून घडवावे आणि पाटीवर बार्शी लाइटचे नाव घालावे.